विमानाचे तास सगळे मोजतात, धंदेवाल्याने दारापासून दारापर्यंतचे तास मोजावेत



निर्यातीवरचा आणि दिल्लीच्या प्रदर्शनांवरचा व्हिडिओ टाकला की खाली एक प्रश्न हमखास येतो. "सर, शिर्डीहून दिल्ली विमानाने किती तास?" "मुंबई ते दुबई किती किलोमीटर?" "न्यू जर्सीला माल विमानाने सोळा तासांत पोचतो ना?" व्हिडिओत या प्रश्नाला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ देता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ हे दोन आकडे मोबाईलवर दहा सेकंदांत मिळतात, म्हणून आपण त्यांच्यावर विसंबतो. पण छोट्या उद्योजकाचे पैसे त्या आकड्यांत जात नाहीत. ते जातात घरापासून विमानतळापर्यंत, विमानतळावरच्या रांगेत, कस्टममध्ये आणि समोरच्या शहराच्या ट्रॅफिकमध्ये. उड्डाणाच्या तासांवर ज्याने बजेट बांधलं, त्याचं बजेट पहिल्याच फेरीत कोलमडतं. भांडवल चार-पाच लाखांचं असेल, तर असा एक धक्कासुद्धा मोठा असतो.

हे मी आपल्या नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, हिशोबाने समजावून सांगतो.

आधी समजून घ्या, तो आकडा नेमका कसला असतो

दोन विमानतळांमधलं जे अंतर तुम्हाला दिसतं, ते पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर असतं. गोलावर दोन बिंदूंमध्ये दोरा ताणून धरला तर जी रेघ येईल, ती. शिर्डी ते दिल्ली हे अंतर हजार किलोमीटरच्या थोडंसं वर आहे. शिर्डी ते हैदराबाद साधारण पाचशे. शिर्डी ते चेन्नई साडेनऊशेच्या पुढे. मुंबई ते दुबई १,९०० च्या वर, मुंबई ते लंडन सुमारे ७,२००, आणि मुंबई ते नेवार्क, म्हणजे न्यू जर्सीवाल्यांचं विमानतळ, सुमारे १२,५०० किलोमीटर.

आता गंमत बघा. मोठं जेट विमान वर गेल्यावर ताशी आठशे किलोमीटरच्या पुढे उडतं. त्या हिशोबाने शिर्डी-दिल्ली सव्वा तासात व्हायला हवं. पण वेळापत्रकात साधारण दोन तास दिसतात. बाकीचा पाऊण तास कुठे गेला?

वेळापत्रकातला वेळ हा विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून ते दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, परवानगीसाठी थांबणं, वर चढणं, ठरलेल्या हवाई मार्गाने वळणं घेत जाणं, दिल्लीच्या गर्दीत उतरायला नंबर लागणं, हे सगळं त्यात आलं. यातला बराचसा वेळ अंतर कितीही असलं तरी लागतोच.

म्हणूनच अंतर निम्मं झालं की वेळ निम्मा होत नाही. हैदराबाद हे दिल्लीच्या निम्म्या अंतरावर आहे, पण विमानाला एक तास पुरत नाही, दीड तासाच्या आसपास लागतो. त्यात अशा छोट्या मार्गांवर बहुतेक वेळा पंख्याचं एटीआर विमान असतं. ते ताशी पाचशेच्या आसपास उडतं. विमान कोणतं आहे हे तिकीट काढतानाच लिहिलेलं असतं, पण आपण भाव बघतो आणि तो कोपरा बघत नाही.

अजून तीन गोष्टी आहेत ज्यांनी अंतर तेवढंच राहतं, पण वेळ बदलतो.

पहिली, वारा. खूप उंचावर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणून मुंबईहून लंडनला जाताना साधारण दहा तास लागतात आणि येताना त्याहून तासभर कमी. जाण्या-येण्याचा वेळ सारखा धरून परतीच्या दिवशी मीटिंग लावू नका.

दुसरी, आकाशातली बंद दारं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा पडला, वेळ वाढला आणि काही उड्डाणांना मध्ये थांबून इंधन घ्यावं लागलं. २०१९ मध्येही काही महिने असंच झालं होतं. नकाशावरचं अंतर तेव्हाही तेवढंच होतं.

तिसरी, घड्याळ. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तिकिटावर "सुटणार ४:३०, पोचणार ६:१०" असं दिसलं की पुष्कळजण म्हणतात, "अरे, पावणेदोन तासच!" तसं नाही. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. खरा प्रवास तीन तास दहा मिनिटांचा. येताना हाच फरक उलटा पडतो आणि प्रवास पाच तासांचा वाटतो.

नगरचं गणित: जवळ कोणतं विमानतळ आहे, हे घर कुठे आहे त्यावर ठरतं

क्षेत्रफळाने आपला जिल्हा महाराष्ट्रात सर्वांत मोठा. चौदा तालुके. अकोल्याचा माणूस आणि जामखेडचा माणूस एकाच जिल्ह्याचे, पण दोघांचं "जवळचं विमानतळ" वेगळं आहे, हे कोणी सांगत नाही.

जिल्ह्यातलं विमानतळ कोपरगाव तालुक्यात काकडीला आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. साईबाबांच्या समाधी शताब्दीसाठी येणारे भाविक डोळ्यांसमोर होते. सुरुवातीची कितीतरी वर्षं विमानं दिवसाउजेडीच यायची. रात्रीची प्रवासी सेवा २०२५ मध्ये सुरू झाली.

जिल्ह्याच्या सीमेबाहेर चारही बाजूंना पर्याय आहेत. पारनेर, श्रीगोंदा, कर्जतवाल्यांना पुण्याचं लोहगाव. शेवगाव, नेवाशावाल्यांना छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा. संगमनेर, अकोलेवाल्यांना नाशिकचं ओझर. आणि परदेशासाठी सगळ्यांनाच मुंबई.

आता एक हिशोब मांडू. समजा तुम्ही नगर शहरात राहता आणि दिल्लीला भारत मंडपमला, म्हणजे जुन्या प्रगती मैदानावर, नोव्हेंबरच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्याला जायचंय.

शिर्डीमार्गे:
- घर ते काकडी: सव्वादोन तास (नगर-मनमाड रस्त्याची तब्येत तुम्हाला माहीत आहे, कमी धरू नका)
- विमानतळावर आधी पोचणं: दीड तास
- उड्डाण: दोन तास
- उतरणं, बॅग घेणं, बाहेर पडणं: चाळीस मिनिटं
- दिल्ली विमानतळ ते भारत मंडपम: एक तास
- एकूण: सात तास पंचवीस मिनिटं

पुणेमार्गे:
- घर ते लोहगाव: तीन तास (वाघोलीचं ट्रॅफिक धरून)
- आधी पोचणं: दीड तास
- उड्डाण: दोन तास दहा मिनिटं
- उतरणं आणि बॅग: चाळीस मिनिटं
- दिल्लीतला प्रवास: एक तास
- एकूण: आठ तास वीस मिनिटं

दोन्हींत फरक किती? पंचावन्न मिनिटं. आणि सात तास पंचवीस मिनिटांत हवेतला वेळ दोनच तास, म्हणजे जेमतेम पाव हिस्सा. तुम्ही ज्या आकड्याची चौकशी करत होतात, तो एकूण प्रवासाचा चौथा भाग आहे. उरलेले तीन भाग जमिनीवर आहेत, आणि कमी-जास्त करणं तुमच्या हातात आहे ते तेच.

मग पंचावन्न मिनिटं वाचतात म्हणून शिर्डीच घ्यायचं का? इथे माझं मत थोडं वेगळं आहे. वेळेइतकंच महत्त्व दिवसाला किती उड्डाणं आहेत याला द्या. पुण्याहून दिल्लीला दिवसभर विमानं सुटत असतात. एक रद्द झालं तर दुसऱ्यात जागा मिळण्याची आशा असते. छोट्या विमानतळावरून एखाद-दुसरंच उड्डाण असतं. ते गेलं की दिवस गेला. नोव्हेंबर २०१९ मध्ये धुरकट हवेमुळे शिर्डीची विमानसेवा कित्येक दिवस ठप्प होती. तुमचा स्टॉल उद्या सकाळी लागायचा असेल, तर अशा वेळी वाचलेल्या पंचावन्न मिनिटांचं काय करणार?

माझा साधा नियम असा. हुकली तर नुकसान होईल अशी वेळ समोर असेल (स्टॉल, टेंडर, खरेदीदाराची एकमेव मीटिंग), तर जास्त उड्डाणं असलेलं विमानतळ घ्या किंवा एक दिवस आधी निघा. वेळ लवचिक असेल, तर जवळचं विमानतळ घ्या.

परदेशाचं म्हणाल तर आणखी एक बदल लक्षात घ्या. समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता आता सलग आहे. कोपरगाव, राहात्याच्या माणसाला भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत दोन तास पुरतात, पुढे मुंबईच्या गर्दीत तास-दीड तास. मग दुबईला जाण्यासाठी शिर्डीहून हैदराबाद आणि तिथून पुढे, असं जोडविमान कशाला? मध्ये तीन-चार तास बसून राहाल आणि पहिलं विमान लांबलं की दुसरं चुकेल. थेट मुंबई गाठा. नकाशावर जे जवळ दिसतं ते घड्याळावर जवळ असतंच असं नाही.

तुमच्या एका तासाची किंमत काढली आहे का?

विमान घ्यावं की रेल्वे, यावर आपल्याकडे दोन टोकं आहेत. एकजण म्हणतो, "धंदा मोठा करायचा तर विमानानेच जायचं." दुसरा म्हणतो, "विमान म्हणजे उधळपट्टी." दोघेही आकडा मांडत नाहीत.

समजा धंद्यातून तुमच्या हातात महिन्याला ४०,००० रुपये उरतात आणि तुम्ही महिन्याला २०० तास काम करता. तुमचा तास २०० रुपयांचा झाला. नगर स्टेशनवरून दिल्लीकडे जाणाऱ्या थेट गाड्या आहेत, गोवा एक्सप्रेस, झेलम, कर्नाटक एक्सप्रेस. दारापासून दारापर्यंत साधारण चोवीस तास धरा. विमानाने साडेसात. साडेसोळा तास वाचले. सोळा तासांचे ३,२०० आणि अर्ध्याचे १००, म्हणजे ३,३०० रुपये.

आता तिकिटांमधला फरक बघा. फरक ३,३०० पेक्षा कमी असेल तर विमान परवडलं. फरक सहा-सात हजारांचा असेल, तर या हिशोबाने रेल्वे बरी. रात्रीची झोप गाडीत होते, सॅम्पलच्या दोन मोठ्या बॅगा सोबत नेता येतात, आणि विमानात जादा सामानाचे जे पैसे लागतात ते वाचतात. देशातल्या साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलो सामान आणि हातात ७ किलो एवढंच देतात. सॅम्पल नेणाऱ्याला हे पुरत नाही.

पण हा हिशोब तिथे संपत नाही. तुम्ही नसलात की दुकानाचं शटर खाली जातं का? मशीन बंद राहतं का? दुधाचं, बेकरीचं, फॅब्रिकेशनचं काम मालकाशिवाय अडतं का? अडत असेल तर तुमचा तास २०० चा नाही, ५०० चा असेल. मग विमान स्वस्त पडतं. सुप्याच्या एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्याचा हिशोब एक, आणि घरून मसाले विकणाऱ्या ताईंचा दुसरा. शेजाऱ्याने विमान घेतलं म्हणून तुम्ही घेऊ नका आणि शेजारी हसेल म्हणून टाळूही नका. कागदावर मांडा.

तुमचा खोका तुमच्याबरोबर जात नाही

आता मालाकडे येऊ, कारण इथे सर्वांत जास्त फसगत होते.

दिवाळीच्या आधी परदेशातल्या मराठी घरांमध्ये फराळ पाठवणं हा आता चांगला हंगामी धंदा झाला आहे. आपल्या जिल्ह्यातले बचत गटही त्यात उतरू शकतात. पण विचारणारा विचारतो काय? "मुंबई ते अमेरिका विमानाला सोळा तास, मग माल दोन दिवसांत जाईल ना?"

विमान सोळा तासांतच जातं. पण तुमचा खोका संगमनेरहून कुरिअरच्या गोदामात जातो, तिथे बाकीचा माल जमेपर्यंत थांबतो, आपल्याकडच्या कस्टममधून बाहेर पडतो, विमानात जागा मिळायची वाट बघतो, कधीकधी मध्ये दुसऱ्या देशात विमान बदलतो, तिकडच्या कस्टमला तोंड देतो आणि मग घरपोच जातो. चांगली कुरिअर सेवा असली तरी मी नवीन माणसाला आठ ते दहा दिवस धरायला सांगतो. ग्राहकाला पाचव्या दिवशी मिळालं तर तो खूश होईल. "तीन दिवसांत" सांगून आठव्या दिवशी दिलंत, तर पुढच्या दिवाळीला तो तुमच्याकडे येणार नाही.

नियमही एका रात्रीत बदलतात. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली करमाफी ऑगस्ट २०२५ अखेर बंद केली. त्यामुळे आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेचं बहुतेक पार्सल बुकिंग थांबवलं होतं, ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं. म्हणजे बरोबर दिवाळीच्या तोंडावर. ज्यांनी फक्त टपालावर भिस्त ठेवली होती, त्यांचे ऐन हंगामातले सात आठवडे गेले. उड्डाणाचा वेळ त्या काळातही सोळा तासच होता. म्हणून पार्सलचे दोन मार्ग तयार ठेवा. आणि विक्रीसाठी पाठवणार असाल तर आयात-निर्यात कोड आणि अन्न परवाना आधी काढा. अमेरिकेला खाद्यपदार्थ व्यापारी तत्त्वावर पाठवायचे तर तिकडच्या अन्न खात्याकडे नोंदणी आणि आगाऊ सूचनाही लागते.

आता पैशाचा मुद्दा. विमानाला वजन चालतं, पण जागा त्याहून महाग असते. म्हणून कुरिअरवाले दोन वजनं काढतात, काट्यावरचं आणि आकारमानाचं. जे जास्त, त्याचे पैसे. आकारमानाचं वजन काढायचं असं: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००. मोठ्या एअर कार्गोत ६,००० ने भागतात.

चिवड्याचं उदाहरण घ्या. खोका ५० × ४० × ४०. गुणाकार ८०,०००. भागिले ५,००० म्हणजे १६ किलो. काट्यावर चिवडा भरला समजा ९ किलो. बिल मात्र १६ किलोचं. किलोला ८०० रुपये दर धरला तर १२,८०० रुपये. म्हणजे चिवड्याच्या एका किलोवर भाडंच पडलं १,४२२ रुपये.

लाडू घ्या. खोका ३० × ३० × २५. आकारमानाचं वजन साडेचार किलो, काट्यावर १० किलो. बिल १० किलोचं, ८,००० रुपये. एका किलोवर ८००.

अंतर तेच, विमान तेच, कुरिअर तोच. चिवड्याला किलोमागे सहाशेच्या वर जास्त गेले. लाडू आणि चिवडा एकाच भावाने पॅकेटमध्ये विकणाऱ्याचा नफा नेमका इथेच गळतो. यावर उपाय सोपा आहे. एकाच खोक्यात हलके आणि जड पदार्थ मिळून भरा, म्हणजे दोन्ही वजनं जवळ येतात. पाकिटातली हवा कमी करा. खोका मालाच्या मापाचा घ्या, किराणा दुकानातून मिळाला म्हणून घेऊ नका.

घाई नसलेला मार्गही शिका

मित्रांनो, "विमान म्हणजे प्रगती" असं एक समीकरण आपल्या डोक्यात बसलंय. त्याच्या विरोधातलं एक चांगलं उदाहरण डाळिंबाचं आहे. संगमनेर, राहात्याच्या शेतकऱ्याला ते जवळचं वाटेल.

आपलं भगवा डाळिंब अमेरिकेला आधी विमानाने गेलं. मग २०२५ मध्ये त्याची व्यापारी खेप समुद्रमार्गे गेली, सुमारे १४ टन, आणि पाच आठवड्यांत मार्चमध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोचली. सोळा तासांच्या उड्डाणाच्या जागी पाच आठवडे कोणी का निवडले? कारण भाडं खूप कमी लागतं आणि मोठा माल एकदम जातो. हे शक्य झालं कारण साठवणुकीच्या प्रयोगांतून डाळिंबाचं टिकण्याचं आयुष्य साठ दिवसांपर्यंत नेता आलं. म्हणजे विमानाची घाई फळाच्या आयुष्यामुळे होती. आयुष्य वाढलं, तशी घाई कमी झाली.

अर्थात समुद्राचंही अंतर कागदावर सरळ नसतं. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. युरोपच्या फेरीत दहा ते चौदा दिवस वाढले. साठ दिवसांपैकी पस्तीस दिवस प्रवासात घालवणं मोठ्या निर्यातदाराला परवडतं, कारण त्याच्याकडे शीतगृहं आणि थंड कंटेनर असतात. तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी मी वेगळा नियम सांगतो. माल जितके दिवस टिकतो, त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त दिवस प्रवासात जाऊ देऊ नका. चिवडा तीस दिवस टिकत असेल, तर दहा दिवसांचा प्रवास ही मर्यादा. त्यापुढे ग्राहकाच्या हातात शिळा माल पडतो.

उलटा विचार: विमानाने येणारा ग्राहक

आपण विमानतळाकडे "मी कुठे जाऊ शकतो" असं बघतो. माझं ठाम मत आहे की नगरच्या छोट्या उद्योजकाला काकडीच्या विमानतळाचा खरा फायदा दुसऱ्या बाजूने आहे. हैदराबाद, चेन्नई, बंगळूर, दिल्लीचा भाविक तिथे उतरतो, दर्शन घेतो आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी परत उडतो. तुमचा ग्राहक स्वतःच्या खर्चाने तुमच्या तालुक्यात आला. त्याला दीड-दोन तासांच्या विमानात बसून घरी जायचंय, हातात ७ किलोची बॅग आहे.

मग त्याच्यासाठी वस्तू कशी हवी? अर्धा किलो ते एक किलोचं पाकीट, न सांडणारं, न चुरणारं, हातातल्या बॅगेत मावणारं. राहात्याचा पेरू विकायचा तर दहा किलोची जाळी त्याच्या कामाची नाही. सहा पेरूंचा पुठ्ठ्याचा छोटा डबा आहे. लोणच्यासारखं तेलकट काही असेल तर ते हातातल्या बॅगेत अडवलं जाऊ शकतं, हे विकतानाच सांगा आणि मोठ्या बॅगेत ठेवायला लावा. सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत, कारण त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. शिर्डीत प्रसादाचा धंदा करणाऱ्याला एवढं माहीत असलंच पाहिजे. विमानतळावर ज्याचं पाकीट काढून घेतलं, तो ग्राहक दुकानाचं नाव लक्षात ठेवतो, पण चांगल्या कारणाने नाही.

यात तुम्हाला एकही तिकीट काढायचं नाही. दोन शहरांमधला उड्डाणाचा वेळ इथे खरंच उपयोगी पडतो, कारण खव्याचा पदार्थ हैदराबादपर्यंत टिकेल की नाही हे त्यावरून ठरतं. मात्र इथेही त्याचं हॉटेल ते त्याचं घर, असा पूर्ण वेळ धरा. उड्डाण दीड तासाचं असलं तरी ते पाकीट सहा-सात तास बाहेर राहणार आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

व्हिडिओ बघून थांबू नका. एक वही घ्या आणि एवढं लिहा:

१. तुमच्या घरापासून दोन वेगवेगळ्या विमानतळांपर्यंत सकाळी सहाला निघालात तर किती वेळ लागतो? अंदाज नको, रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या ड्रायव्हरला विचारा.

२. तुमच्या एका तासाची किंमत किती? तुम्ही नसताना धंदा चालतो की थांबतो?

३. तुमच्या मालाच्या खोक्याचं काट्यावरचं वजन आणि आकारमानाचं वजन. दोन्हींत किती फरक आहे?

४. तुमचा माल किती दिवस टिकतो आणि त्याचा एक तृतीयांश किती?

५. ठरलेला मार्ग बंद पडला तर दुसरा मार्ग कोणता?

ही पाच उत्तरं ज्याच्याकडे आहेत, त्याने खुशाल मोबाईलवर दोन विमानतळांमधलं अंतर बघावं. तो आकडा तेव्हा त्याच्या कामाला येईल. ज्याच्याकडे ही उत्तरं नाहीत, त्याने आधी तिकीट काढू नये आणि ग्राहकाला तारीखही देऊ नये.

तुमचा तालुका, तुमचा माल आणि तुमची पाच उत्तरं खाली कॉमेंटमध्ये लिहा. त्यातले तीन हिशोब निवडून पुढच्या व्हिडिओत फळ्यावर मांडून दाखवतो. कोणाचंही नाव न घेता.

भेटू या. कामाला लागा.